काठमांडूच्या निवासी शाळेत स्वयंसेवक म्हणून जाताना

नेपाळच्या उत्तर सीमेला लागून डोल्पा, हुम्ला, मुगू, मुस्तांग हे जिल्हे आहेत. तिथल्या गावांत शाळेची इमारत असते, पण हिवाळ्यात बर्फ पडलं की ती बंद होते आणि बाहेरून आलेले शिक्षक आपापल्या गावी निघून जातात. मे-जूनमध्ये यार्सागुम्बा ही महागडी औषधी बुरशी वेचायला घरंच्या घरं उंच कुरणांवर मुक्कामाला जातात, तेव्हा वर्ग पुन्हा ओस पडतात. म्हणून तिथले आईबाप पाच-सहा वर्षांचं पोर काठमांडूच्या निवासी शाळेत ठेवतात. ज्यांना परवडतं ते ठेवतातच, ज्यांना परवडत नाही तेही कुणाच्या तरी मदतीने ठेवतात. डोल्पाच्या पोराला सुट्टीत घरी न्यायचं तर आधी नेपाळगंज, तिथून छोट्या विमानाने जुफाल आणि पुढे काही दिवसांची पायपीट. त्यामुळे कित्येक मुलं वर्षानुवर्षं घरी जातच नाहीत.

अशा मुलांसाठी देणगीवर चालणाऱ्या काही चांगल्या शाळा आहेत. बौद्धनाथ परिसरातली श्री मंगल द्वीप शाळा थ्रांगु रिन्पोछे या तिबेटी बौद्ध गुरूंनी १९८७ साली सुरू केली. स्नोलँड ही काठमांडूतलीच दुसरी शाळा, तीही हिमाली मुलांसाठी. या शाळांना आणि त्यांच्यासारख्या लहान-मोठ्या शाळांना हात हवे असतात. महाराष्ट्रातून तिकडे जाणं सोपं आहे. व्हिसा लागत नाही, लिपी आपलीच आहे, जेवण पचतं. शाळेत इंग्रजी आणि गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मी या कामात पडले, आणि आता ओळखीतले बरेच जण विचारत असतात की नेमकं कसं जायचं. हा लेख त्यांच्यासाठी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही मुलं आईवडिलांपासून आधीच तुटलेली आहेत. त्यांच्या आयुष्यात माणसं येतात, लाड करतात आणि निघून जातात. तुमच्या जाण्याने त्यात आणखी एकाची भर पडणार असेल तर जाऊ नये. तुम्ही परत आल्यावर शाळेत काही टिकणार असेल, तर जरूर जावं.

किती दिवस देता येतील ते आधी ठरवा

तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल तर वर्ग शिकवायला मागू नका. पहिला महिना मुलांचे उच्चार, त्यांचं पुस्तक आणि त्यांची नावं समजण्यात जातो. दोन आठवड्यांसाठी आलेला माणूस गाणी म्हणून घेतो, चित्रं काढून घेतो, मुलांना लळा लावतो आणि निघतो. त्या दोन आठवड्यांत शिक्षकाचा भाग मागे पडतो, तो वेगळाच.

कमी वेळ असणाऱ्यांनाही काम आहे, मात्र ते मोठ्यांबरोबरचं. ग्रंथालयाची पुस्तकं लावून नोंदवही तयार करणं, संगणक कक्ष दुरुस्त करून कुणाला तरी तो सांभाळायला शिकवणं, हिशेब नीट मांडून देणं, देणगीदारांसाठी अहवाल लिहिणं, प्रयोगशाळेतलं सामान तपासणं. डॉक्टर, दंतवैद्य, इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांनी आठवडाभर दिला तरी शाळेचं वर्षभराचं काम होतं. डोंगराळ भागातल्या शिक्षकांना इंग्रजी वाचन कसं घ्यायचं याचं प्रशिक्षण देणारा माणूस तर सोन्यासारखा.

निवासी शाळेतलं आयुष्य कधी पाहिलं नसेल तर आधी आपल्याकडे पाहा. पालघर, नंदुरबार, गडचिरोली, नाशिक या जिल्ह्यांत आदिवासी विकास विभागाच्या आणि अनुदानित आश्रमशाळा आहेत. एखाद्या शाळेत परवानगी काढून सुट्टीत राहा. पहाटेची आंघोळीची रांग, मेसमधला गोंगाट, रात्री ताप आलेलं पोर, हे सगळं अंगवळणी पडतं का ते तिथेच कळेल. आणि तिथेच रमलात, तर नेपाळला न गेल्याने काहीही बिघडत नाही.

शाळा निवडताना: खरी शाळा आणि मुलांचं दुकान

या लेखात सगळ्यात सावकाश वाचायचा भाग हाच.

नेपाळमध्ये १९९६ ते २००६ या काळात माओवादी यादवी चालू होती. डोंगरातल्या गावांत मुलांना उचलून नेतील, लढाईत ओढतील अशी भीती होती. त्या भीतीचा दलालांनी धंदा केला. "काठमांडूत बोर्डिंग शाळेत घालतो" असं सांगून त्यांनी हुम्लासारख्या जिल्ह्यांतल्या आईबापांकडून पैसे घेतले, जमिनी विकायला लावल्या आणि मुलं शहरात आणून बालगृहांत टाकली. आईवडील जिवंत असताना मुलांची अनाथ म्हणून कागदपत्रं झाली. यादवी संपली, धंदा संपला नाही, कारण दुसऱ्या टोकाला परदेशी स्वयंसेवक आणि देणगीदार पैसे घेऊन उभे होते. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात असल्याचं वारंवार दिसून आलं आहे. आणि ही बालगृहं एकवटली आहेत ती काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन या जिल्ह्यांत. मुलं जिथून येतात तिथे ती नाहीत, पर्यटक जिथे येतात तिथे आहेत.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे: अनाथालयात स्वयंसेवक म्हणून जाऊच नका, ते कितीही चांगलं वाटो. शाळेत जा. तीही पारखून. शाळेला लिहिताना किंवा फोनवर बोलताना हे प्रश्न विचारा:

- मुलं कोणत्या जिल्ह्यांतून येतात, त्यांची निवड कोण करतं, आईवडिलांशी लेखी करार होतो का?
- मुलांचं घरच्यांशी बोलणं किती दिवसांनी होतं? सुट्टीत घरी पाठवण्याची काय सोय आहे?
- शाळेची नोंदणी कुठे आहे, हिशेब तपासनीसाचा अहवाल दाखवाल का?
- वसतिगृहात रात्री कोण असतं? मुलींच्या बाजूला बाई आहे का?
- स्वयंसेवकाकडून पोलिसांचा दाखला आणि ओळखीच्या दोघांचे संदर्भ मागता का?
- मागच्या वर्षी आलेल्या स्वयंसेवकांपैकी कुणाशी बोलता येईल?

शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "त्याची काही गरज नाही, तुम्ही फक्त या" असं आलं, तर तिथेच थांबा. जी शाळा तुम्हाला न तपासता मुलांमध्ये सोडते, ती कुणालाही सोडते. खरी शाळा थोडी त्रासदायक वाटते. ती अर्ज भरून घेते, उशिरा उत्तर देते, कमीत कमी मुक्कामाची अट घालते, आल्यावर लगेच वसतिगृहात प्रवेश देत नाही. घरच्यांशी मुलांचं बोलणं व्हावं म्हणून धडपडणारी शाळा दिसली की तिच्यावर निम्मा विश्वास ठेवायला हरकत नाही.

धोक्याच्या खुणाही ओळखता येतात. फेसबुकवर मुलांच्या केविलवाण्या चेहऱ्यांचे फोटो, त्याखाली नाव आणि दुःखाची कहाणी. पाहुणे आले की मुलांना नाचायला उभं करणं. सगळीच मुलं अनाथ असल्याचा दावा. पैसे संस्थापकाच्या खासगी खात्यात मागणं. मधली एजन्सी असेल तर तुमच्या पैशातले शाळेला किती मिळतात हे लेखी मागा. उत्तर टाळलं, तर थेट शाळेशीच बोला.

तिकडे गेल्यावर एखादं मूल धोक्यात आहे असं दिसलं तर स्वतः शोधमोहीम काढू नका. नेपाळमध्ये १०९८ ही बालसंरक्षणाची आणि १०४ ही हरवलेल्या मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. राष्ट्रीय बाल अधिकार परिषद ही सरकारी यंत्रणाही आहे.

पत्र कसं लिहायचं

"मला मुलांची खूप आवड आहे" या वाक्याने शाळेला काहीच कळत नाही. काय येतं ते लिहा: कोणत्या इयत्तांना कोणता विषय किती वर्षं शिकवला, संगणक जुळवता येतो का, शिवण येते का, तबला-पेटी वाजवता येते का. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकता, राहण्या-जेवणाचा खर्च स्वतः करणार का, प्रकृतीची काही अडचण आहे का, हेही. पान भरलं की पुरे. आणि शेवटी विचारा, "तुमच्याकडे कोणतं काम अडलेलं आहे?" या प्रश्नाला आलेलं उत्तर जपून ठेवा. तेच तुमचं काम.

तारखा ठरवताना नेपाळचं वर्ष लक्षात घ्या. तिकडे विक्रम संवत चालतं आणि महिने सौर आहेत, त्यामुळे आपल्या पंचांगातला वैशाख आणि त्यांचा वैशाख जुळत नाही. त्यांचा वैशाख एप्रिलच्या मध्याला लागतो आणि शाळेचं वर्षही तेव्हाच सुरू होतं. दहावीची एसईई परीक्षा त्याच्या थोडी आधी असते. वर्षअखेरीच्या आधीचे दोन महिने शिक्षकांना श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा नवीन माणूस नको असतो. सगळ्यात चांगलं म्हणजे वैशाखात रुजू व्हायचं. त्यासाठी डिसेंबर-जानेवारीत पत्र गेलं पाहिजे.

दुसरी एक वेळ सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दशैं आणि तिहार म्हणजे आपल्या नवरात्र-दिवाळीचे दिवस. त्या महिन्यात शाळांना मोठी सुट्टी लागते, शिक्षक आणि स्वयंपाकी गावी जातात. दूरच्या जिल्ह्यांतली मुलं मात्र वसतिगृहातच राहतात. काठमांडूचे रस्ते रिकामे होतात आणि ही मुलं गच्चीवर पतंग उडवत दिवस काढतात. अनुभवी, आधी येऊन गेलेला स्वयंसेवक शाळेला तेव्हा खरा हवा असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र ही वेळ निवडू नये.

कागदपत्रं, पैसे, प्रवास

भारतीय नागरिकाला नेपाळला व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. आधार कार्डावर १५ ते ६५ वयाच्या माणसाला विमानात चढू देत नाहीत, आणि यावरून विमानतळावर रडकुंडीला आलेली माणसं नेहमी दिसतात. महाराष्ट्र पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो. शाळेने मागितला नाही तरी काढून न्या.

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आणि तिकडचा पासपोर्ट असलेल्या मराठी वाचकांसाठी नियम वेगळे आहेत. तुम्हाला व्हिसा लागतो, ओसीआय कार्डाचा इथे उपयोग नाही आणि पर्यटक व्हिसावर बिनपगारी स्वयंसेवाही चालत नाही. शाळा म्हणाली "सगळे असंच करतात", तरी ऐकू नका. योग्य परवानगी कशी मिळेल ते शाळेकडून लेखी घ्या.

मुंबईहून काठमांडूला विमानं आहेत. स्वस्तात जायचं तर लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गोरखपूरची गाडी, तिथून बसने किंवा जीपने सुनौली, पायी सीमा ओलांडून भैरहवा आणि पुढे काठमांडूची बस. हा शेवटचा टप्पा अख्खा दिवस किंवा अख्खी रात्र खातो. जून ते सप्टेंबर दरडी कोसळतात, तेव्हा रस्त्याने जाऊ नये.

एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दुकानदार "आयसी की एनसी?" विचारतो, म्हणजे भारतीय चलन की नेपाळी. शाळेने खर्चाचा आकडा सांगितला की हाच प्रश्न तुम्ही विचारा. शंभरच्या नोटा सगळीकडे चालतात, मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, ते निघण्याआधी पाहून घ्या. मार्च २०२४ पासून नेपाळमध्ये काही दुकानांत यूपीआय चालतं, पण त्यावर विसंबू नका.

काठमांडू साधारण १,४०० मीटरवर आहे, त्यामुळे विरळ हवेचा त्रास नाही. त्रास थंडीचा आणि पाण्याचा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो आणि शाळेच्या इमारतीत हीटर नसतो. वर्गात सगळे स्वेटर-टोपीत बसतात, तुम्हीही बसणार आहात. उकळलेलं किंवा गाळलेलं पाणीच प्या, कारण टायफॉइड तिथली नेहमीची गोष्ट आहे. टायफॉइड, कावीळ अ आणि धनुर्वाताच्या लशींबद्दल डॉक्टरांशी आधी बोला, रस्त्यावर कुत्री भरपूर असल्याने रेबीजच्या लशीबद्दलही. मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी धुरकट होते की दमा असणाऱ्यांनी ते महिने टाळलेले बरे.

काठमांडूत लैनचौरला भारतीय दूतावास आहे, तिथला फोन नंबर आणि शाळेचा पत्ता घरच्यांकडे ठेवून जा. सप्टेंबर २०२५ च्या आंदोलनात काठमांडूत संचारबंदी लागली आणि विमानतळ बंद झाला होता. अशा वेळी शाळेच्या आवारात राहायचं, आणि बाहेर काय चाललंय याचे व्हिडिओ काढायला जायचं नाही.

पहिला आठवडा: मागच्या बाकावर बसा

रविवारी शाळा असते हे पहिल्या आठवड्यात अंगात मुरत नाही. साधारणतः रविवार ते शुक्रवार शाळा आणि शनिवारी सुट्टी. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास डाळ-भात-तरकारी, दुपारी खाजा म्हणजे चिवडा-चणे-नूडल्स असं काहीतरी, संध्याकाळी पुन्हा डाळ-भात. दुपारच्या जेवणाची सवय असलेल्याला सुरुवातीला दोन वाजता पोटात खड्डा पडतो. मुलांच्या ताटात जे असेल तेच खा. आपल्या खोलीत लपवून बिस्किटं खाल्ली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वसतिगृहाला कळतं.

या आठवड्यात शिकवू नका. वेगवेगळ्या शिक्षकांच्या तासाला मागच्या बाकावर बसा आणि वहीत लिहा. कोण बोलतं, कोण कधीच बोलत नाही, फळ्यावरचं कोण नुसतं उतरवून घेतं.

शिक्षकांशी नातं जमणं मुलांशी जमण्यापेक्षा अवघड आणि जास्त महत्त्वाचं. पगार कमी, वर्ग मोठे, आणि दर वर्षी कुणीतरी परदेशातून येऊन "असं नाही, असं शिकवा" म्हणतो. त्यांना आधी विचारा की कोणत्या धड्याला मुलं अडखळतात. त्यांच्या वह्या तपासायला मागा. एका शिक्षिकेच्या वह्यांचा गठ्ठा उचललात की तिच्या वर्गात तुमच्यासाठी जागा होते.

भारतीय म्हणून दोन गोष्टी सांभाळा. बुद्धाचा जन्म लुंबिनीत, म्हणजे नेपाळात झाला, आणि "बुद्ध तर आमचाच" असं सहज बोलून गेलात तर समोरच्याचा चेहरा उतरतो. २०१५ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच सीमेवर नाकाबंदी झाली, गॅस आणि औषधांचे हाल झाले. ती आठवण अजून ताजी आहे. कुणी बोललं तर ऐकून घ्या, वाद घालू नका. "नेपाळ म्हणजे आपलंच" हे वाक्य प्रेमाने म्हटलं तरी तिकडे रुचत नाही. आणि मुलांना टीव्हीमुळे हिंदी कळतं, तरी वर्गात नेपाळीचे चार शब्द वापरा. मुलांना 'तिमी', मोठ्यांना 'तपाईं'. मुलं तुम्हाला दिदी किंवा दाइ म्हणतील, वय जास्त असेल तर मिस आणि सर.

वर्गात काय करायचं

डोल्पाहून आलेल्या मुलाची घरची बोली तिबेटीला जवळची. नेपाळी तो काठमांडूत शिकतो, आणि पुस्तकं इंग्रजीत असतात. म्हणजे विज्ञानाचा धडा तो तिसऱ्या भाषेत वाचतो. पाचवीतली एक मुलगी मला पाण्याच्या चक्राचा धडा घडाघडा वाचून दाखवत होती, एक अक्षर चुकलं नाही. "बुझ्यौ?", म्हणजे समजलं का, विचारलं तर मान डोलावून "बुझें मिस". मग मी पुस्तक मिटवलं आणि विचारलं, तुमच्या गावात नदीला पाणी कुठून येतं. बराच वेळ गप्प. नंतर तिने वहीवर डोंगर काढला, वर पांढरं ठेवलं, खाली रेघ ओढली आणि "घाम", म्हणजे ऊन, असा एकच शब्द बोलली. तिला सगळं माहीत होतं. पुस्तकातल्या वाक्यांशी ते जोडलेलं नव्हतं.

"समजलं का?" हा प्रश्न म्हणूनच सोडून द्या. या मुलांना मोठ्यांना नाही म्हणायची सवय नसते. करून दाखव, काढून दाखव, शेजाऱ्याला तुझ्या भाषेत सांग, असं म्हणा. शेजाऱ्याला स्वतःच्या बोलीत समजावू देणं फार कामाला येतं. इंग्रजीच्या तासाला दुसरी भाषा ऐकू आली म्हणून दचकू नका. मात्र शाळेत फक्त इंग्रजी बोलायचा नियम असेल, तर आधी मुख्याध्यापकांशी बोलून घ्या, परस्पर मोडू नका.

स्वतःचा वेगळा अभ्यासक्रम घेऊन जाऊ नका. नेपाळच्या पाठ्यक्रम विकास केंद्राची पुस्तकं इंटरनेटवर मिळतात, ती घरीच चाळा. ओएलई नेपाळ या संस्थेचं 'ई-पुस्तकालय' आणि 'ई-पाठ' मोफत आहे. त्यात नेपाळी आणि इंग्रजी गोष्टी, गणिताचे खेळ असतात, आणि इंटरनेट नसतानाही ते चालवता येतं. शाळेच्या जुन्या संगणकांवर हे बसवून द्या आणि ते कसं वापरायचं ते दोन शिक्षकांना शिकवा. एकाला नव्हे, दोघांना, कारण एक जण नोकरी सोडून जातोच.

सगळ्यात फायदा होतो तो मागे पडलेल्या चार-पाच मुलांना रोज अर्धा तास वाचायला बसवण्याचा. उशिरा शाळेत आलेली दहा वर्षांची मुलं दुसरीत बसलेली असतात, लाजतात, मग दंगा करतात. त्यांच्यासाठी वर्गशिक्षकाला वेळ नसतो. तुम्हाला असतो.

मारणं तर सोडाच, कानही पिरगाळायचा नाही. नेपाळने २०१८ च्या बालविषयक कायद्याने घर-शाळा सगळीकडे मुलांना मारण्यावर बंदी आणली, आणि दक्षिण आशियात असं करणारा तो पहिला देश आहे. कुणी शिक्षक मारताना दिसला तर मुलांसमोर भांडू नका, त्याच दिवशी शाळेच्या बालसंरक्षण जबाबदार व्यक्तीकडे लेखी द्या. ती व्यक्ती कोण, हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा.

संध्याकाळ

निवासी शाळेचं खरं आयुष्य चारनंतर सुरू होतं. फुटबॉल, कपडे धुणं, अभ्यासिका, जेवण, प्रार्थना, झोप. वॉर्डनबाई एकटी साठ-सत्तर मुलांना बघत असते. अभ्यासिकेत बसून गृहपाठाला मदत करा, हे पहिलं काम. शनिवारी आंघोळ, नखं, उवा, फाटलेले गणवेश, हे दुसरं. सुई-दोरा चालवता येणाऱ्या माणसाभोवती शनिवारी मुलं गोळा होतात. थंडीत मुलांच्या हातापायाची बोटं सुजून खाजतात, ओले मोजे घालून फिरू नयेत एवढं बघितलं तरी खूप.

लहान मुलं अंगाला बिलगतात. मांडीवर येऊन बसतात, "दिदी, नजानुस्", म्हणजे जाऊ नका, म्हणतात. इथे मन घट्ट करावं लागतं. थोपटावं, डोक्यावरून हात फिरवावा, पण सगळ्यांसमोर आणि सगळ्यांना सारखं. एकाच मुलाला जवळ करू नये. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसू नये, त्याला एकट्याला बाहेर फिरायला नेऊ नये, आपल्या खोलीत बोलावू नये. हे नियम मुलाच्या भल्याचे आहेत आणि तुमच्याही. घरची आठवण येऊन रडणारं पोर वॉर्डनबाईकडे न्या, तिच्या शेजारी बसा. रात्री रडू आलं की तिच्याकडे जायचं, ही सवय त्याला लागली पाहिजे. ती उद्याही असणार आहे, पुढच्या वर्षीही.

"तुझे आईबाबा कुठे असतात? त्यांची आठवण येते का?" असे प्रश्न आपल्याला जिव्हाळ्याचे वाटतात. दर वर्षी नवीन माणसाने येऊन तेच विचारलं की मूल पाठ केलेलं उत्तर देतं. त्याला सांगायचं असेल तेव्हा ते सांगतं. ल्होसार, म्हणजे त्यांचं नववर्ष, जवळ आला की बहुतेक मुलं आपणहून गावाबद्दल बोलतात, याकबद्दल, आजीबद्दल.

फोटोचा नियम साधा ठेवा: मुलांचे चेहरे तुमच्या फेसबुक-इन्स्टाग्रामवर नकोत. शाळेने परवानगी दिली तरी नकोत. आपल्या मुलांचे असे फोटो अनोळखी माणसाने टाकलेले आपल्याला चालतील का, एवढं स्वतःला विचारावं.

भेटवस्तू मुलांना हातात देऊ नका. रंगपेट्या, मोजे, पुस्तकं नेली असतील तर शाळेच्या कोठारात जमा करा. आणि पुण्याहून जुने कपडे भरून नेण्यापेक्षा काठमांडूतल्या असन बाजारात गरजेचं सामान घ्या. ते तिथल्या हवामानाचं असतं, आणि वजनाचे पैसे वाचतात.

निघताना

जाण्याची तारीख मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. कॅलेंडरवर खूण करा. शेवटच्या दिवशी अचानक सांगून रडारड करण्यात त्यांचं काही भलं होत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत स्वतः मागे सरकत जा. वाचनाचा अर्धा तास शिक्षिकेने घ्यावा आणि तुम्ही शेजारी बसावं. ग्रंथालयाची चावी नववीतल्या मुलांकडे जावी. जे काम तुमच्याशिवाय चालत नाही असं दिसेल, ते एक तर सोपं करा किंवा बंद करा.

एक वही लिहून ठेवा: कोणतं मूल कुठपर्यंत वाचतं, कोणत्या धड्याला काय उपयोगी पडलं, संगणकाचा पासवर्ड, बिघडलेल्या प्रिंटरला काय झालंय. मुलांच्या खासगी गोष्टी तिच्यात नकोत. ती मुख्याध्यापकांच्या हातात द्या आणि पुढच्या स्वयंसेवकाला दाखवायला सांगा.

"मी परत येईन" असं तिकीट हातात असल्याशिवाय म्हणू नका. मुलांना फोन नंबर देऊ नका. संपर्क ठेवायचा तर शाळेमार्फत, पत्राने, सगळ्या वर्गाला उद्देशून. नंतर एखादं मूल थेट फी किंवा फोन मागेल, तेव्हा त्याला पैसे न पाठवता शाळेला कळवा. एका मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलायची इच्छा असेल तर शाळेच्या खात्यात आणि दहावीपर्यंत निभावेल एवढाच शब्द द्या. दोन वर्षांनी थांबलेली मदत त्या घराला फार जड जाते. परदेशातल्या शाळेला दिलेल्या देणगीवर आपल्याकडे प्राप्तिकरात ८०जीची सवलत मिळत नाही, तो हिशेब आधीच धरा.

घरी आल्यावर लोक बोलवतील, अनुभव सांगा म्हणतील. सांगा. शाळेला गणिताचा शिक्षक हवा आहे, वसतिगृहाला सोलर हीटर हवा आहे, वॉर्डनबाईला मदतनीस हवी आहे, हे सांगा. तुमच्या गावातल्या निवृत्त शिक्षकांपैकी एखादा तयार झाला, तर त्याचं पत्र डिसेंबर-जानेवारीत काठमांडूला गेलं पाहिजे.